वणव्यातून खाली आणणारे हात

११ मार्च २०१८, रविवार. तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात, केरळच्या सीमेला टेकलेल्या डोंगरावर, कोलुक्कुमलैहून कुरंगणीकडे उतरणाऱ्या पाऊलवाटेवर दुपारी वणवा आला. वाटेवर दोन गट होते. एक चेन्नईहून आलेला. त्यात बहुतेक मुली आणि तरुण बायका होत्या, आणि ट्रेक जागतिक महिला दिनाच्या निमित्तानं काढलेला होता. दुसरा गट इरोड-तिरुप्पूर भागातला. दोन्ही मिळून पस्तीस-चाळीस माणसं. दुसऱ्या दिवशी नऊ मृतदेह खाली आले. त्यानंतरचे कितीतरी दिवस रुग्णालयांतून एकेक बातमी येत राहिली आणि मृतांचा आकडा २३ वर जाऊन थांबला.

मरणारे बहुतेक विशी-तिशीतले होते. त्यांतले बरेच चेन्नईच्या आयटी कंपन्यांत काम करणारे, शनिवार-रविवार जोडून डोंगरात जाणारे. आपल्याकडे शुक्रवारी रात्री पाठीला सॅक लावून कर्जत-कसाऱ्याची लोकल पकडणारी पोरं असतात ना, अगदी तशीच. म्हणूनच ही घटना सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येक मराठी घरानं नीट समजून घ्यावी असं मला वाटतं. त्या दिवशीच्या चुकांबद्दल पुष्कळ लिहून आलं. त्या रात्री डोंगरावर चढून गेलेल्या माणसांबद्दल मात्र दोन-चार ओळींपलीकडे फारसं काही आलं नाही. मला लिहायचंय ते त्यांच्याबद्दल.

आधी डोंगर समजून घ्यायला हवा. कोलुक्कुमलै हा जवळपास आठ हजार फुटांवरचा चहाचा मळा. जगातल्या सर्वांत उंचीवरच्या चहामळ्यांत त्याचं नाव घेतात. नकाशावर तो तमिळनाडूत आहे, पण गाडी न्यायची तर केरळातल्या सूर्यनेल्लीहून खडबडीत जीपरस्त्यानंच जावं लागतं. तमिळनाडूच्या बाजूनं वर जायला फक्त पायवाट. ती पायथ्याच्या कुरंगणी गावातून निघते. कुरंगणीहून डांबरी रस्ता बोडीनायक्कनूरला जातो. लोक त्याला नुसतं बोडी म्हणतात. वेलदोड्याच्या लिलावाचं हे मोठं गाव. म्हणजे वर अपघात झाला तर जिल्हा एक आणि गाडीरस्ता दुसऱ्या राज्यातून, अशी या जागेची अडचण.

याच डोंगररांगेत शंभर वर्षांपूर्वी माल उतरवायची उत्तम सोय होती. मुन्नारच्या मळ्यांतला चहा छोट्या रेल्वेनं टॉप स्टेशनला यायचा आणि तिथून पेट्या दोरावरून थेट खाली कोट्टगुडीला सोडल्या जायच्या. पुढे बोडी. १९२४ च्या महापुरात ती रेल्वे वाहून गेली आणि पुन्हा उभी राहिली नाही. चहाच्या पेट्यांसाठी या कड्यावर दोर होता. २०१८ च्या त्या रात्री भाजलेल्या माणसांसाठी फक्त खांदे होते.

चेन्नईचा गट शनिवारी कुरंगणीहून चढून कोलुक्कुमलैला मुक्कामाला राहिला होता आणि रविवारी उतरत होता. वन विभागाचं म्हणणं असं, की परवानगी मिळते ती कुरंगणी ते टॉप स्टेशन या वाटेची, कोलुक्कुमलैच्या वाटेची नाही. पुढे आयोजकांवर गुन्हे दाखल झाले, वन खात्यातल्या अधिकाऱ्याचं निलंबन झालं, अतुल्य मिश्रा या ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याकडे चौकशी सोपवली गेली. ती बाजू मी इथेच सोडतो.

मार्चमधला हा उतार कसा असतो ते मात्र सांगायला हवं. तेनीकडची बाजू पर्जन्यछायेची. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. त्या पावसावर माणसाच्या डोक्याइतकं गवत उभं राहतं, आणि फेब्रुवारी संपता संपता ते पार वाळून खडखडीत होतं. त्यात रानटी गवती चहाची बेटं पुष्कळ. आपण चहात टाकतो त्याच जातकुळीचं हे गवत. त्याच्या पात्यात तेल असतं. वाळलं की ते पेट घेतं तेव्हा नुसतं जळत नाही, भडकतं. दुपारी तापलेल्या दरीतून वारा वर चढतो आणि जाळही वर चढतो. आग सपाटीपेक्षा चढावर वेगानं पळते. वणव्याचा अभ्यास करणारे ढोबळ हिशेब सांगतात, की दर दहा अंश चढाला तिचा वेग दुप्पट होतो. तीस अंशांच्या उतारावर म्हणजे आठपट. दमलेला माणूस पाठीवर सॅक घेऊन, डोक्यापर्यंतच्या गवतात, अनोळखी वाटेवर किती पळणार? समोर धूर आला की वाट दिसत नाही, वाट सुटली की खाली घळ. कित्येकजण त्या घळीत उतरले किंवा कोसळले, आणि जाळ तिथे त्यांच्यावर आला.

आता त्या संध्याकाळकडे येऊ. कुरंगणीतल्या, आसपासच्या वाड्यांतल्या आणि मळ्यातल्या माणसांना वर काय झालंय ते कळलं आणि ती चढायला लागली. हातात बॅटरी, पाण्याच्या बाटल्या आणि घरातल्या चादरी-कांबळी. वन खात्याचे, अग्निशमन दलाचे, पोलिसांचे लोकही आले. त्या वेळच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी हवाई दलाला मदतीचे आदेश दिले, कोइमतूरजवळच्या सुलूर तळावरून हेलिकॉप्टरं निघाली, गरुड कमांडो आले. पण अंधारात, धुरात, अशा उतारावर हेलिकॉप्टर काय करणार? ती रात्र पायांची आणि खांद्यांची होती. त्या रात्री जे जिवंत खाली आले त्यांतले बरेचसे झोळीतून आले.

भाजलेल्या माणसाला झोळीतून उतरवणं म्हणजे काय, ते ज्यानं कधी साधा पाय मुरगळलेला साथीदार गडावरून खाली आणलाय त्याला थोडंफार उमगेल. चादरीची चार टोकं धरायला चार माणसं लागतात, आणि पायवाट एकाच माणसाच्या रुंदीची असते. म्हणजे दोघांना वाटेबाहेर, गवतात, निसरड्यावर पाय टाकावा लागतो. दर शे-दोनशे पावलांवर खांदे बदलावे लागतात, म्हणून एका जखमीमागे आठ-दहा जण हवेत. हे झालं मोडलेल्या हाडाचं. भाजलेल्याला तर धरायचं कुठे हाच प्रश्न. कातडीला कापड चिकटतं. प्रत्येक हिसक्याला माणूस ओरडतो. त्याला तहान लागलेली असते आणि थंडीही वाजत असते, कारण कातडी गेली की अंगातलं पाणी आणि ऊब दोन्ही जातात. पायाखालची जमीन अजून गरम, जागोजागी ओंडके धुमसताहेत, आणि ज्याला उचललंय त्याचं नाव, गाव काही ठाऊक नाही. अशा रात्री ती माणसं कितीदा वर गेली आणि खाली आली, याची कोणी नोंद ठेवलेली नाही.

आणि इथेच मला या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसते. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाला शिरेतून भरपूर द्रव द्यावा लागतो. किती द्यायचा हे वजन आणि भाजल्याचं प्रमाण पाहून ठरवतात, आणि पहिल्या चोवीस तासांच्या मापातला निम्मा द्रव पहिल्या आठ तासांत गेला पाहिजे. हे आठ तास मोजतात ते भाजल्या क्षणापासून, रुग्णालयात दाखल झाल्यापासून नाही. दुपारी होरपळलेला माणूस पहाटे खाली आला तर ते आठ तास डोंगरावरच संपलेले असतात. पुढे मूत्रपिंडं, फुप्फुसं, जंतुसंसर्ग. आठवडाभरानं, दोन-तीन आठवड्यांनी येणाऱ्या मृत्यूच्या बातम्यांचं मूळ पुष्कळदा पहिल्या रात्रीत असतं. मदुराईच्या सरकारी राजाजी रुग्णालयातल्या किंवा तेनीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी किती केलं तरी गेलेले तास परत आणणं त्यांच्या हातात नव्हतं. त्या तासांत जखमींजवळ जो होता तो गावकरी होता. त्याच्याकडे पाणी होतं आणि चादर होती. त्याच्याकडे आणखी काय असायला हवं होतं, हा प्रश्न मी विचारतो आहे.

घरच्यांचं काय झालं असेल? चेन्नईहून मदुराई साधारण साडेचारशे किलोमीटर, तेनी-बोडी त्याहून पुढे. रविवारी संध्याकाळी टीव्हीच्या पट्टीवर बातमी फिरायला लागली. मुलीचा फोन लागत नाही. मग मिळेल ती गाडी करून रात्रभराचा प्रवास, आणि पोचल्यावर या रुग्णालयातून त्या रुग्णालयात याद्या शोधत फिरणं. चेहरा इतका भाजलेला, की ओळख पटवायला कानातलं, घड्याळ बघायचं. आई-बापाला आगीपासून पळायचंच नव्हतं, त्यांना आगीकडे जायचं होतं, आणि मध्ये अख्खं राज्य पसरलेलं होतं.

चेन्नईला अशा रात्री नव्या नव्हत्या. १ डिसेंबर २०१५ ला शहरात आभाळ फाटलं, तांबरमला दिवसभरात पाचशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला, चेंबरंबाक्कम तलावातून सेकंदाला २९ हजार घनफूट पाणी सोडलं गेलं आणि अड्यार नदी दोन्ही काठांवरच्या घरांत शिरली. कोट्टूरपुरम, सैदापेट, जाफरखानपेट, मुडिचूर. लोक झोपेतून उठले ते गुडघाभर पाण्यात, आणि जिने चढेपर्यंत पाणी छातीला लागलं. विमानतळ बंद, वीज बंद, फोन बंद. ‘द हिंदू’ या वर्तमानपत्राचा २ डिसेंबरचा अंक चेन्नईत छापता आला नाही, १८७८ पासून पहिल्यांदा. पाणी सोडण्याची सूचना लोकांपर्यंत वेळेवर, नेमकी पोचली नाही, हा राग शहरात अजून आहे. पुढे महालेखापरीक्षकांच्या अहवालानंही ही आपत्ती मानवनिर्मित ठरवली.

त्या पाण्यात पहिल्यांदा कोण आलं? किनाऱ्यावरच्या कुप्पमांतले, म्हणजे कोळीवाड्यांतले, मच्छीमार. त्यांनी आपल्या होड्या टेम्पोत, ट्रकांत चढवल्या आणि रस्त्यांवर उतरवल्या. ज्या गल्ल्यांमधून त्यांना एरवी मासळीची टोपली घेऊन जाताना कुणी बघितलंही नसतं, त्या गल्ल्यांमधून त्यांनी म्हातारी माणसं, बाळंतिणी, डायलिसिसचे रुग्ण बाहेर काढले. २००४ च्या त्सुनामीत याच वस्त्यांनी आपली माणसं, होड्या, जाळी गमावली होती. मशिदींनी, चर्चनी, मंगल कार्यालयांनी दारं उघडली. तरुण पोरांनी इंटरनेटवर एक सामाईक तक्ता उघडला: कोणाकडे जागा आहे, कोणाकडे जेवण, कोण कुठे अडकलंय. पाणी ओसरल्यावर कुजलेला चिखल आणि कचरा उपसायला राज्यभरातून सफाई कामगार आणले गेले, आणि त्यांनी हातमोज्यांवाचून तो उपसला.

चेन्नई ट्रेकिंग क्लबच्या स्वयंसेवकांनीही त्या पुरात धान्य, पांघरुणं, औषधं गोळा करून वस्त्यांमध्ये पोचवली होती. कुरंगणीत होरपळला तो चेन्नईचा गट याच क्लबमार्फत गेला होता. शहरानं ज्यांना पुरात मदत वाटताना पाहिलं होतं त्या क्लबवर सव्वादोन वर्षांनी हा प्रसंग आला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

परदेशात तरी फार वेगळं होतं का? कॅलिफोर्नियात घर सोडायचा आदेश फोनवर येतो. सावध राहा, तयारी करा, निघा, अशा पायऱ्या ठरलेल्या असतात. तिथल्या मराठी कुटुंबांना पासपोर्ट, औषधं, कागदपत्रं घातलेली पिशवी दाराशी ठेवायची सवय लागली आहे. तरी जानेवारी २०२५ च्या वणव्यात लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडिनामध्ये पश्चिम भागातल्या लोकांना निघायचा आदेश पहाटे तीननंतर आला. पूर्व भागाला तो आदल्या संध्याकाळीच मिळाला होता. तिथले जवळपास सगळे मृत्यू या पश्चिम भागातले, त्यांत म्हातारे आणि अपंग पुष्कळ. हवाईतल्या लहायनात ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात भोंगे होते, पण वाजवलेच गेले नाहीत. शंभराहून जास्त माणसं गेली. जगातलं सर्वांत श्रीमंत राष्ट्र असूनही शेवटी शेजाऱ्यानं दार ठोठावलं म्हणून वाचलेली माणसं तिथेही आहेतच.

आणि आपली इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. रस्ता नाही, पाऊस कोसळतोय, चिखलातून तास-दीड तासाची चढण. यंत्रं वर जाऊच शकली नाहीत. चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचं हृदयविकारानं निधन झालं. रात्रीच वर पोचले ते आजूबाजूच्या वाड्यांतले आदिवासी, खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांचे ट्रेकर्स. एनडीआरएफचे जवानही आले आणि सगळ्यांनी कुदळ-फावड्यानं, हातांनी उकरलं. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले, त्यांना मृत घोषित करून चार दिवसांनी शोध थांबवला. वाचलेल्यांना आधी कंटेनरच्या घरांत राहावं लागलं, मग सिडकोनं पक्की घरं बांधली.

महाराष्ट्रात निदान एक चांगली गोष्ट घडलेली आहे. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स आणि अशा इतर गिर्यारोहण संस्थांनी एकत्र येऊन महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर उभं केलं. डोंगरात कुठे अपघात झाला की एका क्रमांकावर फोन करायचा, आणि त्या डोंगराच्या सर्वांत जवळची टीम निघते. ही माणसं पगारी नाहीत. नोकरी-धंदा, दुकान, रिक्षा सोडून धावतात. स्वतःच्या खर्चानं दोर घेतात. तरीही ही टीम निघून, प्रवास करून, चढून जाईपर्यंत दोन-चार तास जातातच, आणि तोवर जखमीजवळ असतो तो पायथ्याच्या वाडीतला कोणीतरी. बहुतेकदा ट्रेकर्सना पोहे-पिठलं करून देणारं घर. वाट दाखवणारा मुलगा. गुरं राखणारा म्हातारा.

कुरंगणीनंतर तमिळनाडू सरकारनं २०१८ मध्येच ट्रेकिंगची नियमावली केली. मग बऱ्याच काळानं, ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ट्रेक तमिळनाडू’ नावाची योजना आली: १४ जिल्ह्यांतल्या ४० वाटा, ऑनलाइन नोंदणी, आणि सोबत त्याच भागातले, बरेचसे आदिवासी तरुण वाटाडे, त्यांना प्रशिक्षण देऊन. वणव्याच्या दिवसांत, साधारण १५ फेब्रुवारी ते १५ एप्रिल, वाटा बंद. मला यातली वाटाड्यांची तरतूद सर्वांत मोलाची वाटते. गवताचा रंग बघून ‘आज इथून नको’ असं सांगणारं माणूस बरोबर असलं तर पुढची सगळी झोळी-चादर टळते.

आपल्याकडे वणव्याचा हंगाम त्याच सुमाराचा, फेब्रुवारी ते मे. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला नवी पालवी चांगली यावी म्हणून रान पेटवतात. सह्याद्रीत चांगलं गवत यावं म्हणून माळ पेटवतात, किंवा कुणी तरी विडी टाकतो, कुणी चुलीचा विस्तव तसाच सोडून जातो. भारतातले जवळपास सगळे वणवे माणसाच्या हातूनच लागतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून पेटलेले ठिपके पाहून वन कर्मचाऱ्यांना मोबाइलवर सूचना पाठवते. वन विभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो, हंगामी मजूर नेमतो. त्या मजुराच्या हातात मात्र पुष्कळदा हिरवी फांदी, झोडपायला. काही ठिकाणी पाला उडवणारे ब्लोअर आले आहेत, पण वनरक्षकांच्या सगळ्या बिटांवर नाहीत.

आपल्या घरातलं कोणी मार्चमध्ये डोंगरात जात असेल तर त्याला थोडं सांगून ठेवा. अंगात सुती कपडे हवेत, नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. धूर दिसला की आधी वारा कुठून येतोय ते बघायचं. जाळ खाली असताना चढाकडे पळायचं नाही आणि घळीत उतरायचं नाही. उघडा कातळ, वाहतं पाणी, नाहीतर आधीच जळून काळी झालेली जमीन गाठायची, कारण जळालेलं पुन्हा जळत नाही. भाजलं तर साधं पाणी ओतत राहायचं, अंगठ्या-बांगड्या सूज यायच्या आत काढायच्या, स्वच्छ कापडानं झाकायचं. टूथपेस्ट, तेल, हळद काही लावायचं नाही. आणि निघण्याआधी पायथ्याच्या गावात एका घराला सांगून जायचं: आम्ही इतके जण, ह्या वाटेनं, इतक्या वाजता परत.

हे झालं जाणाऱ्याचं. राहणाऱ्यांसाठी काय करायला हवं, त्याचा खर्च एखाद्या गडावरच्या रोषणाईहूनही कमी येईल. ज्या ज्या पायथ्याहून ट्रेक निघतात त्या प्रत्येक वाडीत एक घडीचं स्ट्रेचर, दोन दोर, भाजल्यावर झाकायच्या निर्जंतुक पट्ट्या, सलाइनच्या बाटल्या. वाडीतल्या आठ-दहा जणांना दरवर्षी पावसाआधी आणि उन्हाळ्याआधी उजळणी. आशाताईंना शिरेत सुई लावायला परवानगी नाही, मग जवळच्या आरोग्य केंद्रातली नर्स चढून येऊ शकेल अशी तरतूद. वर गेलेल्या माणसाला त्या दिवसाची मजुरी आणि विमा, कारण तो आपला रोज बुडवून जातो आणि त्याचाही पाय घसरू शकतो. बचाव टीमच्या यादीत त्याचं नाव आणि मोबाइल क्रमांक, शहरातल्या संस्थेच्या आधी. सामानाच्या पेटीची किल्ली तालुक्याच्या कचेरीत नको, वाडीतल्याच दोन घरांत हवी. आणि पुढच्या फेब्रुवारीत गवत वाळायच्या आत ती पेटी तिथे पोचलेली हवी.